चौथ्या फेरीचा खर्च कोणी करायचा?

रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरावर नाहीसं झालं. विमानात २२८ जण होते. पाचसहा दिवसांत काही अवशेष आणि मृतदेह पाण्यावर तरंगताना मिळाले, पण विमान आणि त्यातले दोन रेकॉर्डर मिळायला जवळपास दोन वर्षं लागली. ३ एप्रिल २०११ रोजी सुमारे ३,९०० मीटर खोलीवर विमानाचे अवशेष दिसले. विमानाने कळवलेल्या शेवटच्या ठिकाणापासून ही जागा होती अवघी साडेसहा सागरी मैल, म्हणजे सुमारे बारा किलोमीटर.

इतकं जवळ असून दोन वर्षं का लागली, हे समजून घ्यायला हवं. समुद्रात हरवलेल्या प्रत्येक विमानाच्या बाबतीत आपण शोध कधी थांबवतो आणि तो थांबवण्याचा अधिकार कोणाला देतो, हा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

आपण ज्यांना ब्लॅक बॉक्स म्हणतो ते दोन नारिंगी डबे असतात. एक उंची, वेग, इंजिनं, नियंत्रणं यांच्या नोंदी ठेवतो, दुसरा कॉकपिटमधले आवाज. दोन्हींना एक छोटा पिंगर जोडलेला असतो. पाणी लागलं की तो साडेसदतीस किलोहर्ट्झचा ध्वनिसंकेत सोडू लागतो. त्या काळी त्याची बॅटरी किमान ३० दिवस टिकावी असा नियम होता. संकेत जेमतेम दोन-तीन किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. चार किलोमीटर खोल समुद्रात वरून कान लावून उपयोग नसतो, ऐकण्याचं यंत्र लांब केबलने खोल सोडून जहाजामागे ओढावं लागतं. फ्रान्सने अमेरिकी नौदलाची अशी यंत्रं आणली, अणुपाणबुडीही पाठवली. २२ आणि २३ जूनला एक यंत्र अवशेषांच्या जवळून गेलंसुद्धा, पण काहीच ऐकू आलं नाही. मग शोधकर्त्यांनी मानलं की इथे विमान नाही, आणि पुढच्या दोन फेऱ्यांत सोनारचा मोर्चा दुसरीकडे वळला. २०१० मध्ये पाणबुडीच्या जुन्या ध्वनिमुद्रणात पिंगरचे संकेत आढळल्याचं जाहीर झालं, जहाज तिकडे धावलं, तिथेही विमान नव्हतं.

चौथ्या फेरीआधी फ्रान्सच्या अपघात तपास संस्थेने संख्याशास्त्रज्ञांच्या एका गटाला सगळा हिशेब पुन्हा मांडायला सांगितला. त्यांनी समुद्राच्या प्रत्येक चौकोनाला विमान असण्याची एक शक्यता दिली आणि प्रत्येक फसलेल्या शोधानंतर ती किती घटते हे मोजलं. त्यात एक साधी शंकाही धरली: पिंगरच बंद पडले असतील तर? ही शंका गृहीत धरताच सर्वाधिक शक्यता पुन्हा शेवटच्या ठिकाणाच्या आसपास गोळा झाली. अल्युशिया या जहाजावरून सोडलेल्या रेमस जातीच्या स्वयंचलित पाणबुड्यांना तिथे आठवडा-दीड आठवड्यात अवशेष सापडले. मेच्या पहिल्या दिवसांत दोन्ही रेकॉर्डरही वर आले. खाऱ्या पाण्यात, प्रचंड दाबाखाली २३ महिने राहूनही त्यांतल्या नोंदी वाचता आल्या.

या कथेतली गणिताची बाजू सगळ्यांना आवडते, मलाही. पण ते गणित उभं राहिलं पहिल्या तीन फेऱ्यांच्या अपयशावर. कुठे शोधलं, कोणत्या यंत्राने, किती बारकाईने, आणि काय मिळालं नाही, याच्या काटेकोर नोंदी होत्या म्हणूनच तो हिशेब मांडता आला. आणि तो मांडल्यावर समुद्रात पुन्हा जायला कोणीतरी पैसे दिले. ते दिले विमान बनवणारी एअरबस आणि ते चालवणारी एअर फ्रान्स यांनी. दोघांचीही बाजू या अपघातात तपासली जाणार होती. फ्रान्ससारख्या श्रीमंत, विमाननिर्मितीत मुरलेल्या देशातही चौथी फेरी अशा पैशावर अवलंबून राहिली, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

रेकॉर्डरमधल्या नोंदींनी काय सांगितलं? वेग मोजणाऱ्या पिटोट नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला, आणि वैमानिकांनी विमानाचं नाक वर उचललेलं ठेवलं. विमानाची उचल संपली, इशारे वाजत राहिले, आणि सव्वाचार-साडेचार मिनिटांत ते समुद्रावर आदळलं. विमानाने आपोआप पाठवलेल्या २४ संदेशांवरून वेगाच्या नोंदींत गोंधळ झाल्याचं आधीच कळलं होतं. तेवढ्यावर थांबलो असतो तर नळ्या बदलून प्रकरण मिटलं असतं. प्रशिक्षित वैमानिकांना त्या मिनिटांत विमान कोसळतंय हे का उमगलं नाही, हा खरा मोठा प्रश्न रेकॉर्डरमुळे समोर आला, आणि त्यातून जगभरच्या वैमानिकांचं प्रशिक्षण बदललं. आज विमानात बसणारा प्रत्येक जण त्या शोधाचा लाभार्थी आहे.

आपल्याकडच्या वाचकांना कनिष्क आठवत असेल. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ अटलांटिकवर एअर इंडियाचं ते विमान फुटलं, ३२९ माणसं गेली. शॅननच्या रडारवरून ते दिसेनासं झाल्याचं ठिकाण माहीत होतं, त्यामुळे सुमारे दोन हजार मीटर खोलीवरूनही १० जुलैपर्यंत दोन्ही रेकॉर्डर वर आले. त्यातल्या शेवटच्या आवाजाचं विश्लेषण मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातही झालं. त्या आवाजाच्या अर्थावरून भारतीय आणि ब्रिटिश तज्ज्ञांत मतभेद झाले. मला त्यात काही गैर वाटत नाही. वाद घालायला पुरावा हातात होता.

मलेशियाच्या एमएच ३७० बाबत तोच नाही. ८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेल्या त्या विमानात २३९ जण होते, त्यांत पाच भारतीय. उपग्रहाशी झालेल्या तासातासाच्या संपर्कावरून ते दक्षिण हिंदी महासागरात गेलं असावं एवढं कळलं. ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि चीन यांनी १,२०,००० चौरस किलोमीटर तळ तपासला, सुमारे २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाले. जानेवारी २०१७ मध्ये शोध थांबला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेने तज्ज्ञांसह साऱ्या पुराव्याचा फेरविचार करून उत्तरेकडचा २५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा सर्वाधिक शक्यतेचा ठरवला होता. सरकारांनी नेमकी जागा दाखवणारा नवा पुरावा मागितला. नेमकी जागा माहीत असती तर शोधायचं काय उरलं होतं? पुढे २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या खासगी कंपनीने तो पट्टा आणि त्यापलीकडचाही भाग तपासला. विमान मिळालं नाही, पण प्रश्न कायम आहे: ती फेरी सरकारांनी का केली नाही? २०२५ मध्ये मलेशियाने त्याच कंपनीशी पुन्हा करार केला, तोही सापडलं तर ७ कोटी अमेरिकी डॉलर, नाही तर काही नाही, या अटीवर. कंपनीच्या धाडसाचा मला आदर वाटतो. पण दोनशेएकोणचाळीस माणसांचं काय झालं हे शोधण्याचं काम एखाद्या कंपनीच्या पैजेवर सोपवणं मला मान्य नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खुल्या समुद्रातल्या अपघाताची चौकशी विमान ज्या देशात नोंदलेलं आहे त्याने करायची असते. विमान मलेशियाचं म्हणून चौकशीची जबाबदारी मलेशियावर. नोंदणी एखाद्या लहान, गरीब देशातली असती तर? शोध किती खोल जाणार हे मग त्या देशाच्या तिजोरीवर ठरेल. विमानप्रवास मात्र साऱ्या जगाचा आहे.

यावर म्हणतात की लवकरच अशा शोधांची गरजच उरणार नाही. पिंगरची मुदत आता ९० दिवसांवर गेली आहे, संकटातल्या विमानाने दर मिनिटाला आपलं ठिकाण कळवावं असा नियम नव्या मोठ्या विमानांना लागू होत आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण विमानं पंचवीस-तीस वर्षं उडतात, जुनी विमानं उद्याही समुद्रावरून जाणार आहेत. शिवाय ठिकाण कळलं तरी चार किलोमीटर खाली कोणाला तरी जावंच लागतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एवढ्या पैशात रस्त्यांवरचे कितीतरी जीव वाचले असते. हिशेब मांडून पाहू. जगात वर्षाला ४०० कोटींहून अधिक विमानप्रवास होतात. प्रत्येक तिकिटामागे एक रुपया घेतला तरी वर्षाला ४०० कोटी रुपये जमतात. एमएच ३७० चा तो तीन वर्षांचा शोध त्या वेळच्या दराने हजार कोटींच्या आसपास गेला. म्हणजे तिकिटामागे एका रुपयात अशी मोहीम अडीच वर्षांत उभी राहते, आणि रस्त्यांच्या निधीला हातही लागत नाही. समुद्रात विमान हरवणं दुर्मीळ आहे, त्यामुळे हा निधी बहुतेक वर्षं साठतच राहील.

हा निधी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे असावा, आणि शोध थांबवायचा की नाही हे पैसे देणाऱ्या सरकारने न ठरवता स्वतंत्र तज्ज्ञांनी ठरवावं. प्रत्येक फेरीनंतर उरलेल्या शक्यतेचा नकाशा त्यांनी जाहीर करावा, म्हणजे नातेवाइकांनाही कळेल की थांबण्याचं कारण शक्यता संपली हे आहे की पैसा संपला हे. माँट्रियलला या संघटनेच्या कौन्सिलवर भारत अनेक दशकं निवडून येत आहे. कनिष्क आपलं होतं, एमएच ३७० मध्येही आपली माणसं होती. हा प्रस्ताव भारताने मांडावा.