तेल गेलं कुठे?

स्टिअरिंग जड लागतंय म्हणून गाडी गॅरेजला नेली की बॉनेट उघडतं, पॉवर स्टिअरिंगच्या डब्यात तेल ओतलं जातं आणि गाडी परत मिळते. काही दिवस हात हलका चालतो. मग पुन्हा तेच. हायड्रॉलिक स्टिअरिंगमधलं तेल जळत नाही. पंपातून चाकं वळवणाऱ्या रॅकमध्ये, रॅकमधून डब्यात, अशा बंद वाटेनेच ते फिरतं. कमी झालं असेल तर ते कुठून तरी गळालेलं असतं, आणि डबा भरणाऱ्याने आधी ‘गेलं कुठे?’ असं विचारायला हवं.

होजचे जोड, पंपाचं सील, दाबाची नळी या जागा दिसतात तरी. रॅकचं सील मात्र आत गळतं आणि तेल टोकांवरच्या रबरी बुटांत साठतं. जमिनीवर थेंबही पडत नाही. बूट बोटांनी दाबला की आत तेल डुचमळतं, आणि दुखणं सापडतं.

मला मोल वाटतं ते पाना उचलण्याआधी ‘कधी जड होतं?’ असं विचारणाऱ्या मेकॅनिकचं. सकाळी सुरू करताना किंचाळी ऐकू येते का? मग पंपाचा पट्टा सैल असेल. वळवताना पंप कण्हतो आणि डब्यात फेस दिसतो? आत हवा शिरली आहे. डावीकडे हलकं, उजवीकडे जड? रॅककडे पाहा. आवाज नाही, गळती नाही, तरी जड? पुढच्या टायरांची हवा आधी तपासा. त्याला पैसे पडत नाहीत. ही उत्तरं गाडीच्या मालकाजवळच असतात, फक्त त्याने लक्ष दिलेलं असलं पाहिजे.

लक्ष देणं अवघड होतं याचं कारणही स्टिअरिंग हलकं असणं हेच आहे. जुनी अँबॅसेडर चालवलेल्या माणसाला गल्लीतून गाडी मागे घेताना खांद्यांनी रस्ता कळायचा. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने पॉवर स्टिअरिंग 1926 मध्येच चालवून दाखवलं होतं, पण विक्रीच्या मोटारीत ते यायला 1951 उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पिरियलमध्ये. खांद्यांचे ते श्रम गेले हे चांगलंच झालं, वयस्कर आणि हातात जोर नसलेल्या कितीतरी लोकांना त्यामुळे गाडी चालवता आली. पण मदत अंगवळणी पडली की तिच्यातला बारीक फरक जाणवत नाही.

आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मदतीला तेलच नाही, विजेची मोटर आहे. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला की स्कॅनर लावतात, बिघाडाचा कोड येतो आणि अख्खा स्टिअरिंग कॉलम बदलायचा खर्च सांगितला जातो. कोड बिघाड कुठल्या बाजूला आहे ते दाखवतो, कारण सांगतोच असं नाही. थकलेल्या बॅटरीमुळे किंवा गंजलेल्या अर्थिंगमुळेही तोच दिवा लागू शकतो. म्हणून आधी बॅटरीचं व्होल्टेज, मग फ्यूज, मग वायरींचे जोड, आणि त्यानंतरच कॉलम.

तेलाच्या आणि मोटरच्या, दोन्ही प्रकारांत मदत बंद पडली तरी चाकांशी स्टिअरिंगचा जोड तुटत नाही. ऐन घाटात असं झालं तर घाबरून हात सोडू नका. दोन्ही हातांनी जोर लावा, वेग कमी करा आणि गाडी कडेला घ्या.