अहिंसा कुठे सुरू होते?

मानेसरपासून जवळच असलेल्या सुलतानपूरच्या तळ्यावर दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून हंस उतरतात. आज ते निर्धास्त आहेत. पण १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपुरात, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत, एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बंदुका थांबल्या.

उत्तर अमेरिकेत मात्र उलटे घडले. शेतात सांडलेल्या धान्यावर हिमहंस इतके वाढले, की त्यांनी टुंड्रातील गवत मुळासकट उपटून काढले. १९९९ पासून तिथे त्यांची संख्या घटवण्यासाठी शिकारीची मुभा वाढवली गेली.

वाचकहो, मग अहिंसा कोणती? गोळी शेवटी सुटते. तोल आपण आधीच बिघडवलेला असतो. शस्त्र खाली ठेवणे ही पहिली पायरी. आपल्या गरजांना आवर घालणे ही खरी साधना.