मालकी कुणाची, पाळी कुणाची?

पंचगंगेकाठच्या गावांचा पुराच्या खबरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप. मामा त्याचे ॲडमिन, निवृत्त शिक्षक. भाची पुण्यात संगणकाच्या नोकरीत.

भाची : मामा, ग्रुप मॅट्रिक्सवर नेऊया, तिथं सर्व्हर आपला ठेवता येतो. व्हॉट्सॲप मेटाचं. उद्या त्यांनी नियम बदलले तर दाद कुठं मागायची?

मामा : अगं, राजाराम बंधाऱ्याची पातळी लोक इथंच बघतात. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. पाणी चढताना चिखलीतल्या म्हातारीला म्हशी सोड म्हणू, की नवं ॲप घे म्हणू?

भाची : मग उन्हाळ्यात नेऊ.

मामा : २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या धोरणावरनं निम्मे सिग्नल ॲपवर गेलेच होते की. बाकीचे इथं राहिले म्हणून तेही परत आले.

भाची : सिग्नल नफ्यासाठी चालत नाही, पण सर्व्हर त्या एकाच संस्थेचे. मॅट्रिक्समध्ये एक सर्व्हर कोल्हापुरात, एक शिरोळला ठेवता येतो. माणसं एकत्र बोलतात, बोलण्याची प्रत दोन्हीकडे राहते. एक बुडाला तरी दुसरा आहे.

मामा : शिरोळला? म्हणजे दोन्ही पाण्यात!

भाची : बरं, एक पुण्याला.

मामा : आणि जून २०२३ मध्ये इथलं इंटरनेटच बंद केलं होतं, तेव्हा?

भाची : तेव्हा काहीच चाललं नसतं. मी म्हणतेय ते मालकीचं. गूगलनं ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद केलं. सार्वजनिक गप्पांचा संग्रह काही वर्षं ठेवला, मग तोही काढला. तिथं लिहिणाऱ्यांना कुणी विचारलं?

मामा : तुझा सर्व्हर कोण सांभाळणार?

भाची : मी.

मामा : भाडं, बॅकअप, रात्री दोनला कुणी धरण फुटल्याची अफवा टाकली तर ती काढणं?

भाची : मीच.

मामा : म्हणजे कंपनी गेली आणि भाची आली.

भाची : भाचीचा कान तरी धरता येतो.

मामा : मला येतो, मामा आहे म्हणून. ज्याचं तुझ्याशी नातं नाही, त्यानं काय धरायचं?

भाची : ...मग सहकारी संस्था काढू. 'गोकुळ' दूध संघ १९६३ पासून चालतोयच की.

मामा : सहकार मला सांगू नकोस. खुर्चीला चिकटलेले संचालक बघण्यात हयात गेली.

भाची : तरी २०२१ ला 'गोकुळ'मध्ये सत्तांतर झालं ना? दूध संस्थांच्या ठरावधारक प्रतिनिधींनी मतं देऊन केलं. मेटात आपल्याला कुठलं मत?

मामा : हे मात्र पटलं. पण मत पाहिजे तर सभासद व्हावं लागतं. वर्गणी आली, सभा आली, कामाची पाळी आली. आपल्या माणसांना फुकटाची सवय.

भाची : म्हणजे नकोच?

मामा : माणसं आधी हलवू नको, नोंदी हलव. २०१९ आणि २०२१ ला कुठल्या गल्लीत पाणी कधी शिरलं, रस्ता कुठं तुटला, सगळं या ग्रुपमध्ये गाडलंय. ते आपल्या जागेवर आण. घरातले फोटो आणि नंबर मात्र विचारल्याशिवाय नको. पासवर्ड तिघांकडे, तीन गावांत. मग वर्गणी माग. कोण देतंय त्यावरनं कळेल, लोकांना मालकी हवीय की नुसता दुसरा मालक.

भाची : निम्म्यांनीच दिली तर? उरलेल्यांना पुरात कोण सांगणार?

मामा : वर्गणी चुकवली म्हणून कुणाला बुडू द्यायचं नसतं. पातळी दोन्हीकडं टाकायची.

भाची : दुप्पट काम झालं की!

मामा : झालंच. नवी जागा तुला पाहिजे, तेव्हा पहिल्या पावसाळ्याची पाळी तुझी. दुसऱ्या पावसाळ्याला दुसरं कुणी उभं राहिलं, तर संस्था झाली म्हणू. नाही राहिलं, तर तो तुझा एकटीचा सर्व्हर. त्याच्या भरवशावर गावं ठेवायची नाहीत.