सगळ्यांचा श्वास वीसच कसा?

जनरल वॉर्डातले टीपीआर चार्ट एकदा नुसते चाळून पाहावेत. ताप प्रत्येकाचा वेगळा, नाडी वेगळी. श्वसनाच्या रकान्यात मात्र पुष्कळदा ओळीने २०, २०, २२, २०. दम्याने बेजार झालेले आजोबा आणि हर्नियाचं ऑपरेशन होऊन उद्या घरी जाणारा तरुण, दोघंही एकाच लयीत श्वास घेतात! ही तक्रार काही आपल्याच रुग्णालयांबद्दल होते असं नाही. पण तिचं मूळ शोधताना आपण वॉर्डात थांबतो, नर्सिंग कॉलेजपर्यंत जात नाही.

रुग्ण खालावू लागला की बहुतेक वेळा रक्तदाब घसरण्याच्या आधीच श्वासाची गती वाढते. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या ‘न्यूज’ या गुणतक्त्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला दोन आणि २५ किंवा अधिक असतील तर तीन. या एकाच रकान्यात तीन गुण झाले तरी डॉक्टरांना तातडीने कळवायचं असतं. म्हणजे अंदाजाने लिहिलेला ‘२०’ नुसता आळस नव्हे, तो रुग्ण ठीक असल्याचा खोटा निर्वाळा आहे.

तो लिहिणारी विद्यार्थिनी अडाणी नसते. व्हायवात विचारा, ती घडाघडा सांगेल: नाडी मोजत असल्यासारखं मनगट धरायचं, रुग्णाला कळू द्यायचं नाही, पूर्ण एक मिनिट मोजायचं. ज्ञान आहे. मोजलं का, हे मात्र कुणी पाहत नाही. पाहिली जाते ती प्रोसिजर बुक. त्यातल्या आकृत्या, सह्या आणि मागच्या बॅचच्या वहीतून उतरवलेला केअर प्लॅन.

यावर उपाय म्हणून ‘ऑस्की’ आली. स्कॉटलंडमधल्या डंडीत रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ही परीक्षापद्धत: ठरावीक मिनिटांची स्टेशनं, सगळ्यांना तीच कामं, तीच चेकलिस्ट. एक्झामिनरच्या लहरीला तिने बराच चाप बसवला, म्हणून मी तिच्या बाजूचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात सेमिस्टर आणि क्रेडिटबरोबर तिलाही जागा मिळाली, हे चांगलंच झालं. पण स्टेशनवर पाटी असते: ‘श्वसन मोजा.’ वॉर्डात अशी पाटी कुणी लावत नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडमध्ये ‘करून दाखवणं’ ही तिसरी आणि ‘प्रत्यक्ष करणं’ ही चौथी, अशा वेगळ्या पायऱ्या आहेत. ऑस्की तिसऱ्या पायरीवर थांबते.

सरावासाठीच्या बाहुलीचं, म्हणजे मॅनिकिनचंही तसंच. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात क्लिनिकल तासांपैकी निम्मे सिम्युलेशनला दिले, तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत. त्यामागे प्रशिक्षित शिक्षक आणि प्रत्येक प्रसंगानंतरची सविस्तर चर्चा होती. आपण त्यातली बाहुली तेवढी उचलली. ती इन्स्पेक्शनच्या दिवशी प्लॅस्टिकमधून बाहेर येते.

खरं तर महागडी बाहुली लागतच नाही. वर्गातलीच एखादी मुलगी खाटेवर निजवावी, तिला मिनिटाला २८ श्वास घ्यायला शिकवावं. परीक्षा देणाऱ्या विद्यार्थिनीच्या हातात आधीच्या शिफ्टचा चार्ट, त्यात २०. परीक्षेतलं काम वेगळंच: ड्रेसिंग बदला. मध्येच रुग्ण म्हणते, ‘सिस्टर, जीव घाबराघुबरा होतोय.’ आता ही ड्रेसिंग पुरं करते, की थांबून मोजते? चार्टवर विश्वास ठेवते, की डोळ्यांवर? डॉक्टरांना फोन केला तर ‘पेशंटला बरं वाटत नाहीये’ म्हणते, की आकडा सांगते? गुण याचे द्यावेत. मग दहा मिनिटं तिच्याशी बोलावं. काय दिसलं, काय सुटलं, तिच्याच तोंडून काढून घ्यावं.

चौथ्या पायरीसाठी मात्र वॉर्डातच जावं लागेल. विद्यार्थिनीने नोंद केली की तिच्यापाठोपाठ कुणीतरी तोच श्वास पुन्हा मोजायला हवा. कुणी? ट्यूटर कॉलेजच्या, इन्चार्ज सिस्टर रुग्णालयाच्या. ट्यूटरांची फेरी धावती असते; सिस्टरांना विद्यार्थिनी हवी असते ती हाताखाली. शिकवण्याचा वेळ त्यांच्या ड्यूटीत कुठेच धरलेला नसतो.

आणि चाळीस रुग्णांमागे एकच नर्स असेल, तर प्रत्येकाचा श्वास मिनिटभर मोजण्यातच चाळीस मिनिटं जातात. तिथे ‘२०’ लिहायला विद्यार्थिनी कुठल्या पुस्तकातून शिकत नाही, शेजारी उभं राहून शिकते. अशा वॉर्डात तिची परीक्षा घ्यायचीच असेल, तर गुणपत्रिकेवर त्या शिफ्टला किती नर्स होत्या तेही छापावं.