ओळख आणि पारख

संशयिताचा संगणक तपासास आला म्हणजे त्यांत लाखों फायली निघतात. त्यांतील बहुतेक त्याच्या स्वतःच्या नसून विकत घेतलेल्या किंवा फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरच्या असतात. त्या एकेक उघडून पाहावयाच्या म्हटल्या तर तपासनिसाचें आयुष्य पुरणार नाहीं. म्हणून प्रत्येक फायलीचा गणिती रीतीनें ‘हॅश’, म्हणजे ठसा, घेतात. ‘एसएचए-२५६’ या रीतीचा ठसा ६४ चिन्हांत मावतो. फाईल चिटोऱ्याएवढी असो कीं ग्रंथाएवढी. तींतील एक स्वल्पविराम हलविला तरी सारा ठसा पालटतो. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या संस्थेनें ज्ञात सॉफ्टवेअरच्या ठशांचा मोठा संग्रह केला आहे. त्याशीं जुळेल तें बाजूस सारावयाचें, उरेल तें तपासावयाचें. आपल्याकडेही १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमान्वयें इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रांत ठसा नोंदवावा लागतो.

‘एमडी-५’ ही जुनी रीत २००४ सालीं मोडली, दोन भिन्न मजकुरांचा एकच ठसा निघूं शकला. पण तें गणिती पाहून घेतील. माझा प्रश्न निराळा आहे. ठसा जुळला म्हणजे फाईल ज्ञात ठरली. निर्दोष ठरली काय? त्या संग्रहांत दुसऱ्याच्या संगणकांत शिरण्याचीं साधनेंही आहेत, आणि आमची यादी ‘माहीत’ असलेल्यांची आहे, ‘चांगल्यां’ची नव्हे, असें संग्रहकर्ते स्वतःच बजावतात. इतकी सचोटी आपण एरवीं क्वचितच दाखवितों.

हा भेद आमच्या अलिबागेकडील माणसास पोलिसी तपासावांचूनही कळण्याजोगा आहे. सातबाराच्या उताऱ्यावर आतां डिजिटल सही असते, व तिच्या पोटीं असाच ठसा असतो. सहीनंतर काना-मात्रा बदलली तर सही खोटी पडते. ही सोय मोठीच. जमिनीचे भाव चढलेल्या या किनाऱ्यावर तर फारच मोठी. पण उतारा अस्सल, म्हणून नोंद न्याय्य, असें अनुमान निघत नाहीं. येथील चरी गांवीं नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप केला. खोतांचे सर्व कागद खरे निघते, तरीहि त्यांची तक्रार तिळभर उणी झाली नसती. पीक काढणाऱ्याच्या पदरांत काय पडतें, हा त्यांचा सवाल होता.

आजहि बहिणींचीं नांवें वगळून केलेली वारसनोंद एकदां संगणकावर चढली कीं तिच्यावर तितकीच पक्की सही बसते. पडद्यावर दोन्ही उताऱ्यांपुढें हिरवी खूण सारखीच उमटते. बहिणीला मात्र प्रांताची कचेरी, नाहींतर दिवाणी न्यायालय, गांठावें लागतें.