पाहुण्याची स्पष्टोक्ती आणि यजमानाचे ऋण

परक्या छपराखाली रात्र काढलेल्या माणसाने त्या घराविषयी किती खरे बोलावे, कोणापाशी बोलावे आणि तसे बोलण्याचा अधिकार त्याला मुळात कोठून मिळतो, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटला तरी तो धर्मविचाराच्या गाभ्याला जाऊन भिडतो. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत अध्ययन पुरे करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो निरोपाचा उपदेश करतात, त्यात सत्य बोलण्याची आज्ञा आणि अतिथीला देव मानण्याची आज्ञा एकाच अनुवाकात, म्हणजे एकाच पाठखंडात येते. मात्र अतिथी होऊन गेलेल्याला यजमानाच्या घरातील उणीव दिसली तर त्याने सत्याची आज्ञा पाळावी की मिळालेल्या पाहुणचाराला स्मरून गप्प राहावे, याचा निवाडा तेथे केलेला नाही. तो निवाडा प्रत्येक काळाला आपल्या परिस्थितीत नव्याने करावा लागतो. आणि नांदेड-लातूरच्या परिसरात, जेथे यात्रेकरूंची निवासस्थाने, विद्यार्थ्यांच्या खोल्या, खानावळी आणि लॉज यांवर हजारो कुटुंबांची चूल अवलंबून आहे, तेथे तो केवळ पोथीतला प्रश्न राहत नाही.

या प्रश्नाला अलीकडे एक नवी बाजूही आली आहे. 2024 साली महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयी करार झाला, आणि ज्या कामांसाठी महाराष्ट्रातील तरुणांना जर्मन भाषा शिकवून तिकडे पाठवण्याचे योजले गेले त्यांत रुग्णसेवेबरोबर हॉटेलातील स्वागतकक्ष, स्वयंपाकघर आणि वाढप्याचे काम यांचाही समावेश होता. त्यामुळे मराठवाड्यातील तरुण जर्मनीतील एखाद्या लहान हॉटेलात केवळ पाहुणा म्हणून नव्हे, तर यजमानाचा हात म्हणूनही उभा राहण्याची शक्यता निर्माण झाली. जर्मनीतील असे लहान हॉटेल पुष्कळदा एकाच कुटुंबाच्या मालकीचे असते आणि मालक त्याच इमारतीत राहतात. रात्री स्वागतकक्षावर कोणी बसत नाही, पाहुण्याकडे बाहेरच्या दाराची किल्ली दिलेली असते. न्याहारीची वेळ ठरलेली असते आणि ती टळली की टळली. रात्री दहानंतर शांतता पाळण्याची अपेक्षा असते. जेवणाबरोबर पाणी मागितले तर सहसा बाटली येते आणि तिची किंमत बिलात लागते. नांदेडहून गेलेल्या प्रांजळ पाहुण्याला खोलीची स्वच्छता, वेळेचा काटेकोरपणा आणि दिलेल्या शब्दाचा पक्केपणा मनापासून आवडेल. पण कोणी गावाची, घरच्यांची विचारपूस केली नाही आणि दारात पाऊल टाकताच पाण्याचा तांब्या पुढे आला नाही, ही रुखरुखही त्याला लागेल. ही रुखरुख खरीच आहे. तरीही तिला यजमानाचा दोष म्हणता येत नाही, कारण जे देण्याचे वचनच दिले गेले नव्हते त्याचा अभाव म्हणजे वचनभंग नव्हे. स्पष्टोक्तीची पहिली कसोटी येथेच लागते: पाहुण्याने यजमानाला त्याच्या वचनाने मोजावे, स्वतःच्या घरच्या रीतीने मोजू नये.

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने 1795 साली प्रसिद्ध केलेल्या शाश्वत शांततेवरील निबंधात आतिथ्याचा विचार दयेच्या कक्षेतून काढून हक्काच्या कक्षेत आणला. एका डच खानावळवाल्याच्या पाटीवर दफनभूमीचे चित्र आणि निबंधाच्या शीर्षकातलेच शब्द होते, या उल्लेखाने त्या निबंधाची सुरुवात होते, हा योगायोग प्रस्तुत विषयाला साजेसा आहे. कांटने दोन हक्क वेगळे केले. पहिला भेटीचा हक्क, म्हणजे परक्या भूमीवर आलेल्या माणसाला केवळ तो आला म्हणून शत्रूसारखे वागवले न जाण्याचा हक्क. पृथ्वीचा पृष्ठभाग मर्यादित आहे आणि माणसांना अखेर एकमेकांच्या शेजारीच राहावे लागते, म्हणून हा हक्क सर्वांचा आहे. दुसरा पाहुणा म्हणून घरात राहण्याचा हक्क. तो आपोआप मिळत नाही, त्यासाठी वेगळा करार लागतो. याच विवेचनात कांटने व्यापाराच्या निमित्ताने हिंदुस्थानात शिरून सैन्य आणणाऱ्या युरोपीयांवर कठोर टीका केली आणि पाहुण्याच्या वागणुकीलाही मर्यादा असते हे दाखवून दिले. हॉटेल ही संस्था दुसऱ्या प्रकारच्या हक्कावर उभी आहे: पैसे, मुदत आणि सोयी ठरतात आणि त्या मर्यादेत पाहुण्याला बोलण्याचा निःसंशय अधिकार मिळतो. हा विचार स्वच्छ आहे, पण अपुरा आहे. किंमत चुकती झाली की नाते संपले, असे मानणारा पाहुणा ज्या माणसाने पहाटे उठून त्याच्यासाठी पाव भाजला त्याला यंत्र समजू लागतो, आणि मग त्याच्या तक्रारीत सत्य असले तरी माणुसकी उरत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला नांदेडचे उदाहरण आहे. गुरू गोविंदसिंग यांचे 1708 साली गोदावरीकाठी जेथे महानिर्वाण झाले, तेथे महाराजा रणजितसिंग यांच्या पुढाकाराने 1832 ते 1837 या काळात सचखंड श्री हजूर साहिबची वास्तू उभी राहिली, आणि शिखांच्या पाच तख्तांपैकी एक म्हणून देशविदेशांतून तेथे यात्रेकरू येत असतात. 2008 साली गुरु-ता-गद्दीचा, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याचा, त्रिशताब्दी सोहळा झाला तेव्हा शहराचे रस्ते आणि निवासव्यवस्था यांना नवे रूप आले. या परंपरेत लंगर, म्हणजे सर्वांसाठी खुले असलेले सामुदायिक भोजन, जात, धर्म किंवा ऐपत न विचारता दिले जाते आणि सर्वांना एकाच पंगतीत जमिनीवर बसवले जाते. तात्त्विक दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की जेवून उठलेला माणूस भांडी घासायला, पोळ्या लाटायला किंवा जोडे सांभाळायला बसू शकतो. ‘सेवा’ या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या या कामात यजमान कोण आणि पाहुणा कोण हा भेदच विरघळतो, आणि म्हणून तेथे उणीव दिसलेल्या पाहुण्यापुढे बोलणे आणि गप्प राहणे यांखेरीज तिसरा मार्ग खुला होतो: उणीव आपल्या हाताने भरून काढणे. जमीन ओली दिसली तर फडके उचलावे, पंगतीत पाणी पोचले नाही तर बादली घेऊन उठावे. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पंजाबातून आलेले सुमारे 4,000 यात्रेकरू नांदेडमध्ये अडकले आणि काही दिवसांच्या मुक्कामासाठी असलेला निवारा त्यांना एप्रिलच्या अखेरपर्यंत पुरवावा लागला. असा दीर्घ मुक्काम भाड्याच्या हिशेबाने निभावता आला नसता. यजमान आणि पाहुणे यांनी एकमेकांचा भार वाटून घेण्याची सवय असलेल्या परंपरेतच तो निभावतो.

तथापि विनामूल्य आतिथ्यातही एक धोका लपलेला असतो, आणि श्रद्धावान माणसे त्याकडे सहसा डोळेझाक करतात. जे फुकट मिळते त्याविषयी बोलू नये, दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, ही समजूत मनात इतकी खोल रुजलेली असते की धर्मशाळेतील अस्वच्छ न्हाणीघर, स्त्रियांच्या खोलीची न लागणारी कडी किंवा वृद्धांना न चढता येणारा जिना यांविषयी वर्षानुवर्षे कोणीच तोंड उघडत नाही. लिंगायत परंपरेत, जिचा लातूर भागावर मोठा ठसा आहे, ‘दासोह’ ही कल्पना या बाबतीत अधिक नेमकी वाट दाखवते. कायक, म्हणजे प्रामाणिक श्रम, करून मिळवलेले समाजाला अहंकार सोडून अर्पण करणे असा दासोहाचा अर्थ आहे. येथे देणारा दाता नसून दास असतो, आणि जो स्वतःला दास मानतो त्याला आपल्या सेवेतील न्यून कोणी दाखवले तर अपमान वाटण्याचे कारण राहत नाही. उपकाराच्या भावनेतून केलेले आतिथ्य पाहुण्याचे तोंड बंद करते. सेवेच्या भावनेतून केलेले त्याला बोलते करते.

पाहुण्याच्या मागणीला मात्र सीमा असावी लागते, आणि ती सीमा नांदेड जिल्ह्यातील माहूरगडाशी जोडलेल्या कथेइतकी स्पष्टपणे क्वचितच सांगितली गेली असेल. रेणुकामातेच्या आणि दत्तात्रेयांच्या शिखरांबरोबर तेथे अनसूयेचेही शिखर आहे. ब्रह्मा, विष्णू आणि महेश अतिथी बनून अनसूयेच्या दारी आले आणि तिने विवस्त्र होऊन वाढावे अशी अट त्यांनी घातली. तेव्हा तिने अतिथीला विन्मुखही पाठवले नाही आणि आपली मर्यादाही सोडली नाही, तर आपल्या तपोबलाने त्या तिघांना तान्ही बालके केले आणि आई होऊन जेवू घातले. कथेचा रोख पातिव्रत्याच्या महिम्याकडे आहे असे सामान्यतः मानतात. परंतु तिच्यातील अतिथिविचार त्याहून कमी मोलाचा नाही: देवत्व अंगी असलेला अतिथीसुद्धा अवाजवी मागणी करू शकतो, आणि तशी मागणी आली तर यजमानाने पाहुण्याचे नाते तोडण्याऐवजी त्याचे स्वरूप बदलावे. हॉटेलात काम करणाऱ्या मुलीकडे ‘गिऱ्हाईक देव असतो’ या सबबीखाली वाटेल ती अपेक्षा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की अतिथीला देव मानणाऱ्या परंपरेनेच देवांना मूल करून दाखवले आहे.

मग सत्य सांगायचे कसे? भगवद्गीतेच्या 17व्या अध्यायात वाणीचे तप सांगताना वचन सत्य असावे, प्रिय असावे, हितकर असावे आणि ऐकणाऱ्याला उद्वेग देणारे नसावे, अशा अटी एकत्र घातल्या आहेत. पाली त्रिपिटकातील अभयराजकुमार सुत्तात याच प्रश्नाची अधिक बारीक छाननी आहे: जे खरे आणि हितकर आहे पण अप्रिय आहे, तेही बुद्ध बोलतात, मात्र योग्य वेळ जाणून. पाहुण्याच्या स्पष्टोक्तीला ही दुसरी कसोटी अधिक लागू पडते. खोलीतील ओल, शिळी भाजी किंवा बिलातील चूक हे अप्रिय सत्य सांगितलेच पाहिजे. पण त्याची योग्य वेळ म्हणजे ती उणीव दुरुस्त करण्याची संधी यजमानाच्या हाती असेपर्यंतची वेळ. मुक्कामात हसतमुख राहून निघून गेल्यावर जगभर बोभाटा करणे हे सत्यकथन असले तरी त्यातून हित निसटलेले असते. अर्थात यजमानाने ऐकूनही दुर्लक्ष केले, तर मागून येणाऱ्या प्रवाशांना सावध करणे हे कर्तव्यच ठरते, कारण तेव्हा ते मागून येणारेच हिताचे धनी असतात. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाच्या लातुरात उतरलेल्या पाहुण्याने अंघोळीला पाणी पुरले नाही अशी तक्रार केली असती, तर ती शब्दशः खरी असूनही अन्यायाची ठरली असती. सत्याला संदर्भ लागतो.

आतापर्यंतच्या विवेचनात एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे, ती अशी की खरे बोलल्याने पाहुण्याचा निवारा जात नाही. ज्याला हे गृहीत धरता येत नाही, त्याच्यासाठी स्पष्टोक्तीचा सगळा विचार मुळापासून बदलतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च शिक्षण घेऊन 1917 च्या सुमारास बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना म्हणून त्यांना एका पारशी सराईत पारशी नावाने नोंद करून राहावे लागले. ते पारशी नाहीत हे सराईवाल्याला ठाऊक होते. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी ही हकिगत सांगितली आहे. कांटने 1797 सालच्या एका निबंधात, घरात आसरा घेतलेल्या मित्राचा जीव घ्यायला आलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलू नये, अशी टोकाची भूमिका घेतली होती. बडोद्याच्या सराईतील नोंदवहीपुढे ती भूमिका टिकत नाही. जेथे खरे नाव सांगणे म्हणजे रस्त्यावर येणे, तेथे खोट्या नोंदीचे पाप पाहुण्याच्या माथी मारता येत नाही. ते त्या दाराचे पाप आहे. भारतीय संविधानाच्या 15व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांतील प्रवेशाला धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून आडकाठी करण्यास मनाई केली, तेव्हा त्याने पाहुण्याला खरे बोलण्याची भूमीच मिळवून दिली.

ही भूमी अजून सर्वत्र सारखी घट्ट नाही. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासपद्धतीमुळे बाहेरगावची असंख्य मुले-मुली लातुरात भाड्याच्या खोल्यांत राहून खानावळीत जेवतात; सोळा-सतरा वर्षांच्या अशा मुलाला आधी आडनावाच्या चौकशीतून जावे लागले असेल, वडिलांनी कर्ज काढून पैसे भरले असतील आणि परीक्षा तोंडावर असेल, तर वरण पातळ आहे एवढे साधे सत्यही त्याच्या तोंडून निघत नाही. अशा पाहुण्याकडून स्पष्टोक्तीची अपेक्षा करण्याऐवजी यजमानानेच विचारले पाहिजे. कठोपनिषदातील नचिकेत यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला, कारण यम घरी नव्हता. परत आल्यावर यमाने त्या लहान मुलाच्या तक्रारीची वाट पाहिली नाही. अतिथी उपाशी राहिला याचा दोष आपल्यावर येतो हे ओळखून त्याने नमस्कार केला आणि प्रत्येक रात्रीमागे एक असे तीन वर स्वतःहून देऊ केले. पुढे तिसऱ्या वराच्या निमित्ताने नचिकेताने मृत्यूनंतर काय उरते हा प्रश्न विचारला, यमाने तो टाळण्यासाठी संपत्ती, दीर्घायुष्य, राज्य अशी नाना आमिषे दाखवली, आणि तरीही मुलगा हटला नाही. यजमानाने आपली चूक आधी मान्य केलेल्या त्या घरात पाहुण्याला साक्षात मृत्यूलाही उलट उत्तर देता आले.