उशिरा उपजलेली करुणा

जपानच्या देवमासा-शिकारीवर पाश्चात्त्य जगाने गेली चाळीस-पन्नास वर्षे जो संताप व्यक्त केला आहे, त्याच्या मुळाशी करुणा आहे हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही करुणा फार उशिरा उपजली. 1853 मध्ये अमेरिकन कमोडोर पेरीच्या युद्धनौका जपानच्या किनाऱ्याला लागल्या, त्यामागील एक प्रयोजन तेलासाठी देवमासे मारीत हिंडणाऱ्या अमेरिकन गलबतांना आसरा व रसद मिळावी हेच होते. दक्षिण ध्रुवसमुद्रातील निळ्या देवमाशांच्या संहाराचे अग्रणी नॉर्वे आणि ब्रिटन होते, जपान तेथे मागाहून गेला. आणि 1946 मध्ये उपासमारीने जर्जर झालेल्या पराभूत जपानला त्याच समुद्रात जहाजे धाडण्याचा परवाना दिला तो जपानवर ताबा असलेल्या अमेरिकन जनरल मॅकआर्थरच्या अंमलाने. ज्या जपान्यांनी शाळेतील दुपारच्या जेवणात देवमाशाचे मांस खाल्ले, त्यांना पुढे त्याच अन्नावरून रानटी ठरविण्यात आले, ही गोष्ट एखादे राष्ट्र सहजासहजी विसरत नसते. नागातोजवळच्या कायोई गावी मारलेल्या माद्यांच्या उदरातील अजात पिलांची 1692 सालची समाधी आहे. अशा मुलखाला दयेचे पाठ देऊ जाणाऱ्याने थोडा संकोच बाळगावयास हवा होता.

तथापि जपान सरकारची कैफियत निर्मळ होती असे मात्र मुळीच नव्हे. आंतरराष्ट्रीय देवमासा-शिकार आयोगाने 1982 मध्ये व्यापारी शिकारीस मनाई करताच जपानने प्रथम हरकत नोंदविली, अमेरिकेच्या दडपणाखाली ती मागे घेतली, आणि 1987 पासून 1946 च्या देवमासा-शिकारविषयक करारनाम्यातील शास्त्रीय संशोधनाची मुभा पुढे करून तीच शिकार चालू ठेवली. ऑस्ट्रेलियाच्या फिर्यादीवर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 31 मार्च 2014 रोजी, बारा विरुद्ध चार मतांनी, या संशोधनाचा बुरखा फाडला. 2005 पासून सुमारे 3,600 मिंके देवमासे मारले गेले, आणि तज्ज्ञांनी तपासून मान्य केलेले निबंध न्यायालयापुढे आले ते अवघे दोन! बहुमताच्या बाजूने असलेल्या न्यायाधीशांत मुंबई उच्च न्यायालयाचे एकेकाळचे मुख्य न्यायाधीश दलवीर भंडारी हेही होते. एवढा निवाडा होऊनही पुढच्याच वर्षी नवे नाव धारण करून दर हंगामी 333 देवमाशांची मोहीम पुन्हा दक्षिणेस निघाली.

ज्या जनतेच्या नावे हा अट्टाहास चालला ती हे मांस फारसे खातच नाही. 1960 च्या दशकारंभी वर्षाकाठी दोन लाख टनांहून अधिक असलेला खप आता काही हजार टनांवर आला आहे. मग शिकारीला जनतेचा पाठिंबा कशाला? माझ्या मते तो अन्नाला नसून, आमच्या ताटात काय असावे हे परक्याने ठरवू नये, या हट्टाला आहे. भर समुद्रात शिकारी जहाजांवर कुजक्या लोण्याच्या बाटल्या फेकणाऱ्या आंदोलकांनी तोट्यातल्या धंद्याला राष्ट्राभिमानाचे कवच चढविले, आणि सरकारी अनुदान मागणाऱ्या अधिकाऱ्यांचे काम सोपे केले.

26 डिसेंबर 2018 रोजी जपानने आयोग सोडण्याची घोषणा केली, तेव्हा जगाने हळहळ व्यक्त केली. वास्तविक तो जपानचा पहिला प्रामाणिक व्यवहार होता. 1 जुलै 2019 पासून शिकार उघडपणे व्यापारी झाली, पण स्वतःच्या सागरी हद्दीतच. आणि जे धिक्काराने वा निवाड्याने साधले नाही ते साधून दक्षिण ध्रुवसमुद्र जपानी जहाजांपासून मोकळा झाला. मे 2024 मध्ये मात्र ‘कांगेई मारू’ हे दूरच्या सफरीसही समर्थ असे नवे प्रचंड जहाज शिमोनोसेकीहून निघाले. त्याला अडविण्यास निघालेले, त्या बाटल्या फेकणाऱ्या आंदोलकांचे पुढारी पॉल वॉटसन दोन महिन्यांतच ग्रीनलंडमध्ये जपानच्या वॉरंटावरून पकडले गेले, सुमारे पाच महिने कोठडीत राहिले, आणि डेन्मार्कने त्यांना जपानच्या हवाली करण्याचे नाकारून सोडून दिले. गिऱ्हाईक गमावून बसलेल्या त्या धंद्याला जुना वैरी तेवढा परत मिळाला.